स्वस्त बेस गिटार: घेताना काय बघायचं, घरी आणल्यावर काय कोणत्या क्रमाने बदलायचं

स्वस्त बेस घेतलेल्यांची तक्रार ठरलेली असते: आवाजात दम नाही, तार फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खणखणते, वर गेलं की सूर लागत नाही. उपायही ठरलेला असतो: पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारा चुंबकी भाग) बदला. मग पाच-सहा हजारांचे पिकअप येतात, बसतात, आणि तीच खणखण आता जास्त स्वच्छ ऐकू येते.

चूक पिकअपची नसते, क्रमाची असते. आधी लाकूड आणि तारा, मग जोडण्या, मग आवाजाचे सुटे भाग. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. पायऱ्या गाळायच्या असतील तर शेवटच्या गाळा, पहिल्या नकोत. सगळी मापं चार तारांच्या, ३४ इंची स्केलच्या नेहमीच्या बेससाठी आहेत. स्केल म्हणजे मोकळ्या वाजणाऱ्या तारेची लांबी.

## टप्पा १: पैशाची वाटणी आणि मापांचा विचार

बजेट २५ हजार असेल तर २५ हजारांचा बेस घेऊ नका. वीसपर्यंतचा घ्या. उरलेल्यात तारांचा नवा सेट, बरी केबल, ॲलन कीचा सेट, फिलर गेज आणि मल्टिमीटर बसवा. फिलर गेज गिटारच्या दुकानात शोधत बसू नका. गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, मेकॅनिक त्यानेच स्पार्क प्लगचा गॅप मोजतो.

पुढे बदल करायचे हे आधीच ठरलेलं असेल, तर नेहमीच्या मापाचाच बेस घ्या. म्हणजे ३४ इंची स्केल, बोल्टने जोडलेला नेक, आणि फेंडरच्या प्रिसिजन किंवा जॅझ बेससारखे पिकअप. स्क्वायर अ‍ॅफिनिटी मालिका, यामाहा टीआरबीएक्स१७४, कॉर्टचा अ‍ॅक्शन पीजे ही अशी नावं. नेकजवळ प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप आणि ब्रिजजवळ (तारा बॉडीवर जिथे अडकवतात तिथे) जॅझचा, या जोडीला सगळे 'पीजे' म्हणतात. पहिल्याच बेसवर दोन्ही आवाज हवे असतील तर पीजे सोयीचा.

हात लहान असेल तर ३० इंची शॉर्ट स्केल किंवा आयबानेझ मिक्रो (२८.६ इंच) जरूर बघा. पण त्यांना तारांचा सेट वेगळा लागतो आणि सुटे भाग कमी मिळतात.

अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह? ज्याच्या पोटात ९ व्होल्टची बॅटरी असते तो अ‍ॅक्टिव्ह. आयबानेझ जीएसआर२०० त्यातला. वाजवायला उत्तम, पण वायरिंग शिकायला पॅसिव्ह बरा. त्यात दोन-तीन पॉट (नॉबखालचे फिरते भाग), एक कपॅसिटर, एक जॅक, संपलं.

नेकच्या रुंदीचाही विचार करा. नटपाशी (खुंट्यांजवळची तारांच्या खाचांची पट्टी) प्रिसिजन साधारण ४१ ते ४२ मिमी रुंद असतो, जॅझ ३८. पिकअप बदलता येतो, हा फरक बदलता येत नाही. दुकानात दोन्ही हातात घेऊन बघा.

## टप्पा २: हातात घेऊन तपासणी

तपासताना एकच प्रश्न मनात ठेवा: यातलं काय मला नंतर दुरुस्त करता येणार नाही? उत्तर जवळजवळ नेहमी 'नेक' असं येतं. गंजलेला ब्रिज, खरखरणारा पॉट, सैल जॅक हे किरकोळ आहे. पिळलेला नेक म्हणजे बेस परत ठेवा.

नेकचा पीळ. बेस ब्रिजच्या बाजूने डोळ्यासमोर धरा आणि नेकच्या दोन्ही कडांवरून हेडकडे बघा. दोन्ही कडा सारख्या वळल्या असतील तर तो बाक आहे, ट्रस रॉडने (नेकच्या आतली आवळता येणारी सळई) सुटतो. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर तो पीळ आहे, तो ट्रस रॉडने सुटत नाही.

ट्रस रॉड. सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच योग्य मापाची ॲलन की लावून अलगद पाव फेरा फिरवून बघा आणि परत जागेवर आणा. रॉडचा नट आधीच टोकाला जाऊन बसला असेल किंवा त्याचे कोपरे झिजून की घसरत असेल, तर भाव कितीही पाडला तरी घेऊ नका.

तारांची रांग. जी (सर्वांत बारीक) आणि ई (सर्वांत जाड) या दोन्ही बाहेरच्या तारा नेकच्या कडांपासून शेवटच्या फ्रेटवर साधारण सारख्या अंतरावर हव्यात. एक तार कडेवरून घसरायला आली असेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा नेक खाचेत किंचित तिरका बसलेला असतो. मागचे चार स्क्रू अर्धा फेरा सैल करून नेक हाताने सरळ ढकलायचा आणि पुन्हा आवळायचा.

प्रत्येक फ्रेट. चारही तारा, पहिल्या फ्रेटपासून शेवटच्यापर्यंत, अँप बंद ठेवून. कंटाळवाणं काम आहे, पण हेच लोक गाळतात. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो. बोल्टच्या नेकवर हे सर्रास आढळतं आणि महागड्या बेसवरही असतं. किंचित असेल तर चालेल, सूर टपकन मरत असेल तर दुसरा नग मागवा.

फ्रेटची टोकं. नेकच्या कडेवरून बोटं फिरवा. करवतीसारखं लागलं तर लाकूड सुकून आक्रसलं आहे. टोकं घासून घेता येतात, पण त्याची मजुरी भावातून कापून घ्या.

आवाज. बेस अँपवरच ऐका, सगळे नॉब मध्यावर ठेवून. गिटारच्या छोट्या अँपवर बेस जोरात वाजवलात तर आवाज कळणार नाही आणि दुकानदाराचा स्पीकरही जाईल. पॉट फिरवताना खरखर येते का, केबल हलवल्यावर आवाज तुटतो का, एवढंच बघा.

> ऑनलाइन मागवताना: खोका उघडण्यापासून तपासणीपर्यंतचा सलग व्हिडिओ काढा. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात किंवा मुंबईच्या पावसात आलेला बेस लगेच सेट करू नका. एक दिवस खोलीच्या हवेत राहू द्या, परत करायची मुदत बघून.

> ओएलएक्सवर: चार फोटो मागा. ब्रिजच्या बाजूने नेकवर नजर टाकलेला, नेकच्या जोडाचा, हेडच्या मागचा आणि मागचं झाकण उघडल्यावर वायरिंगचा. शेवटचा फोटो द्यायला का-कू होत असेल तर आधी कोणीतरी आत हात घातलेला आहे असं समजा.

## टप्पा ३: काहीही उघडण्याआधी

फोनवर वा इंटरफेसमधून एक रेकॉर्डिंग करा: चारही मोकळ्या तारा, मग एक साधी ओळ, एकदा टोन पूर्ण उघडा आणि एकदा बंद. पुढच्या प्रत्येक बदलानंतर हेच वाजवायचं, तेवढ्याच जोराने. कान आठवणीवर भरवसा ठेवतो आणि पैसे खर्च केलेले असले की आठवण नेहमी नव्या भागाची बाजू घेते.

वायरिंगचे फोटो काढा, वरून आणि दोन्ही बाजूंनी. ब्रिजच्या सॅडलची (प्रत्येक तार ज्यावर टेकते तो सरकता तुकडा) जागा आणि तारांची उंचीही लिहून ठेवा.

## टप्पा ४: सेटअप

स्वस्त बेसच्या आवाजात सर्वांत मोठा फरक इथे पडतो आणि लोक हाच टप्पा उडवतात. कारखान्यातून आलेला बेस वाजण्याजोगा असतो, तुमच्या हाताला बसवलेला नसतो.

क्रम असा आणि असाच: नव्या तारा, सूर, नेकचा बाक, नट, तारांची उंची, इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर खरा लागणं), पिकअपची उंची. प्रत्येक पायरी पुढचीला हलवते, मागचीला फारशी नाही. उलट्या क्रमाने गेलात तर सगळं दोनदा करावं लागेल.

४.१ तारा. जाडी ठरवून टाका आणि मग बदलू नका. ४५ ते १०५ (बारीक तारेपासून जाड तारेपर्यंत, इंचाच्या हजाराव्या भागांत) हा नेहमीचा सेट, थोडा मऊ हवा असेल तर ४५ ते १०० किंवा ४० ते १००. झळाळी आणि टणत्कार हवा तर स्टेनलेस स्टील, जरा गोल आवाज हवा तर निकेल. जुन्या चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्रात वाजवणार असाल तर फ्लॅटवाउंड तारा घेऊन बघा. त्यांवर बोट घसरल्याचा आवाज जवळजवळ येत नाही.

सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदला. खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर तार ठेवा, आधी काटकोनात वाकवा आणि वळणाच्या पुढे कापा. न वाकवता कापली तर काही तारांचं वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावर सैल होतं आणि ती तार कायमची बद्द वाजते. टोक खुंटीच्या मधल्या भोकात, दोन-तीन वेढे वरून खाली. सगळ्या लागल्यावर नटच्या पुढे आणि सॅडलच्या पुढे अंगठ्याने प्रत्येक तार हलकी दाबा, म्हणजे ती तिथे कमानीसारखी न राहता सरळ बसते. फुकटातली ही गोष्ट पुष्कळांचं इंटोनेशन सुधारते.

४.२ नेकचा बाक. तारा सुरात हव्यात आणि बेस वाजवण्याच्या स्थितीत, आडवा नाही. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळतो त्या फ्रेटवर दाबून धरा. आता तार म्हणजे सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामध्ये ०.३० ते ०.३५ मिमी फट हवी. फिलर गेजचं पान तार न हलवता आत सरकलं पाहिजे.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड उजवीकडे आवळा, कमी असेल तर डावीकडे सैल करा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही. पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. काही नेक हळू हलतात, दुसऱ्या दिवशी परत मोजणं शहाणपणाचं.

> सावधान: की नीट बसत नसेल तर जोर करू नका. ट्रस रॉडच्या इंची नटमध्ये जवळपासच्या मिलिमीटर मापाची की 'चालते' असं वाटतं आणि तिथेच नटचे कोपरे जातात. फिरवायला जड लागलं तर आधी तारा सैल करा. तरीही जड असेल तर थांबा आणि जाणकाराकडे न्या.

४.३ नट. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. केसाएवढी फट हवी. बोटाने टिचकी मारल्यावर तिथे टिक असा बारीक आवाज आला तर नट ठीक. मोठी फट असेल तर पहिल्या तीन फ्रेटवर बोटं दुखतील आणि सूर चढा लागेल. स्वस्त बेसवर हा दोष भरपूर सापडतो आणि लोक तो 'माझा हात अजून तयार नाही' म्हणून सहन करतात.

खाच खोल करायला तारेच्या जाडीची गोल कानस लागते. ती महाग, आणि काम एकदाच करायचं. त्यामुळे हे एक काम मी सरळ टेक्निशियनकडे द्यायला सांगेन. स्वतःच केलं आणि खाच खोल गेली, तर खाण्याचा सोडा भरून वर फेविक्विकचा थेंब टाकून पुन्हा कोरता येते. तात्पुरता उपाय आहे, पण टिकतो.

४.४ तारांची उंची. सतराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत: ई तारेला २.४ मिमी, जी तारेला २ मिमी. इथून सुरुवात करा. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी नसेल तर एटीएम कार्ड वापरा. ते ०.७६ मिमी जाड असतं, म्हणजे तीन कार्डं एकावर एक ठेवली की २.३ मिमीच्या जवळ गेलात. उठावदार अक्षरांचं कार्ड नको.

प्रत्येक सॅडलला दोन छोटे स्क्रू असतात, बहुधा १.५ मिमीच्या कीचे. दोन्ही सारखे फिरवा, सॅडल आडवा राहिला पाहिजे. मधल्या दोन तारा किंचित वर, म्हणजे चारही तारा मिळून फिंगरबोर्डच्या गोलाईला समांतर.

सॅडल पार तळाला टेकला तरी तार उंचच, असं झालं तर नेकचा कोन चुकला आहे. नेक सोडवून खाचेच्या पिकअपकडच्या टोकाला व्हिजिटिंग कार्डाची एक पट्टी ठेवून पुन्हा आवळा. तारा बऱ्याच खाली येतात, मग सॅडल वर घेऊन माप जुळवा.

४.५ इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) वाजवा, मग तीच तार तिथेच दाबून. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नेकपासून दूर. उतरलेला असेल तर पुढे. प्रत्येक हलवणीनंतर पुन्हा सूर लावा. मोकळी ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते. फोनच्या अ‍ॅपला ती नेहमी पकडता येत नाही, म्हणून हार्मोनिकवर ट्यून करा. बोट दाबताना जोर नेहमीइतकाच, तपासणीच्या नादात लोक जास्त दाबतात आणि सूर चढतो.

तारा जुन्या असतील तर ही पायरी करूच नका. मळलेली तार कोणत्याच जागी खरी बोलत नाही.

४.६ पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तार आणि पिकअप यांमधलं अंतर मोजा. ईच्या बाजूला २.८ मिमी, जीच्या बाजूला २ मिमी. मग कानाने जुळवा, चारही तारा सारख्या जोराच्या लागेपर्यंत. पिकअप फार वर आणला तर चुंबक तारेला ओढतो, सूर डोलतो आणि लवकर विझतो. दोन पिकअप असतील तर ब्रिजजवळचा थोडा वर लागतो, कारण तिथे तार कमी हलते.

आता टप्पा ३ मधलं रेकॉर्डिंग पुन्हा करा आणि एक आठवडा वाजवा. बऱ्याच जणांचा प्रवास इथेच संपतो, आणि संपावा.

## टप्पा ५: खणखण राहिली असेल तर

तंबोऱ्यावर जवारी मुद्दाम काढतात, बेसवर ती आपोआप येते आणि नको असते. आधी कुठे येते ते ओळखा.

- फक्त मोकळी तार खणखणते: नटची खाच खोल.
- पहिल्या चार-पाच फ्रेटवर: नेक फार सरळ किंवा उलटा वाकलेला. ट्रस रॉड किंचित सैल.
- बाराव्याच्या वर सगळीकडे: तारा फार खाली, किंवा बाक जास्त ठेवून तारा खाली आणलेल्या. आधी बाक मोजा.
- एकाच फ्रेटवर: पुढचा फ्रेट उंच.

उंच फ्रेट शोधायलाही एटीएम कार्डच. त्याची कड लागोपाठच्या तीन फ्रेटवर तारांच्या दिशेने उभी ठेवा आणि टोकं दाबा (अगदी पहिल्या तीन फ्रेटवर कार्ड तोकडं पडतं). टकटक डोललं तर मधला फ्रेट उंच. कधीकधी फ्रेट नुसता वर आलेला असतो. त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलकी हातोडी मारली की बसतो. बसला नाही तर फ्रेट लेव्हलिंग टेक्निशियनकडे. कानस घेऊन एकटा फ्रेट घासू नका, खणखण पुढच्या घरात सरकते इतकंच.

आणि एक विचारून घ्या: ती खणखण अँपमधून ऐकू येते का? येत नसेल तर सोडून द्या. बेसवर थोडी असतेच.

## टप्पा ६: जोडण्या, जॅक, पॉट

इथून पुढे सोल्डरिंग आहे. वायर जोडायला सोल्ड्रॉनची २५ वॉटची कावीया (सोल्डरिंग आयर्न) पुरते. पॉटच्या पाठीवर ग्राउंड जोडायला मात्र ४० ते ६० वॉट हवेत, कारण ती पत्र्याची पाठ उष्णता पिऊन टाकते. कमी वॉटची कावीया दहा-पंधरा सेकंद टेकवून ठेवली की जोड थंडच राहतो आणि आतला पॉट जळतो. पाठ पॉलिश पेपरने खरवडा, आधी पाठीला आणि वायरला वेगवेगळं सोल्डर लावून घ्या, मग दोन्ही एकत्र टेकवा. तीन-चार सेकंदांत चकचकीत पसरलेला जोड झाला पाहिजे. गोळा होऊन बसला तर पुन्हा करा. ६०/४० ची राळवाली तार वापरा, नळकामाचा अ‍ॅसिड फ्लक्स नको.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळतं. दुकानदाराला 'गिटारचा पॉट' म्हणू नका, मूल्य सांगा.

जॅक आधी. स्वस्त बेसवर पहिला मरतो तो जॅक. पॅसिव्ह बेसला दोन टोकांचा मोनो जॅक. अ‍ॅक्टिव्हला तीन टोकांचा स्टिरिओ जॅकच लागतो, कारण केबल घातल्यावर बॅटरी चालू करण्याचं काम तो करतो. वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवली नाही तर बॅटरी संपते, ती याचमुळे.

पॉट. नेहमीच्या पॅसिव्ह बेसला २५० किलोओहमचे, व्हॉल्यूमला आणि टोनला लॉग म्हणजे ए२५०के. बी२५०के रेखीय असतो, टोनला लावला तर सगळा फरक नॉबच्या शेवटच्या थोड्याशा फिरवण्यात उरकतो. अ‍ॅक्टिव्ह बेसचे पॉट वेगळ्याच मूल्याचे असतात, तिथे हा आकडा लावू नका.

घेण्याआधी तीन गोष्टी मोजा: भोक, खोली, दांडी. आशियाई छोट्या पॉटचं भोक ७ ते ८ मिमी असतं, मोठ्या अमेरिकन पॉटला ९.५ मिमी लागतं. भोक मोठं करायला रीमर वापरा. ड्रिलचं पातं रंगाचा टवका उडवतं. दांडीही वेगळी असते, ६ मिमीचा नॉब ६.३५ च्या दांडीवर ठोकून बसवायला गेलात तर पॉट आत ढकलला जाऊन तुटतो. पॉट नुसता खरखरत असेल तर बदलूच नका, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस-पंचवीस वेळा मागेपुढे. गंजाचा तेलकट स्प्रे मारू नका.

कपॅसिटर. टोनवर ०.०४७ मायक्रोफॅरड, त्यावर ४७३ असा अंक असतो. आणखी दबका आवाज हवा तर ०.१, म्हणजे १०४. मूल्याने आवाज बदलतो. तेलातले, जुने, सोनेरी वेष्टनातले कपॅसिटर हजार रुपयांना विकले जातात, ते पैसे तारांना ठेवा.

दोन व्हॉल्यूमची गफलत. प्रिसिजनमध्ये पिकअपची हॉट (आवाजाचा सिग्नल नेणारी) वायर व्हॉल्यूमच्या कडेच्या टोकाला आणि बाहेर जाणारी मधल्या टोकाला असते. जॅझ आणि बऱ्याच पीजे बेसमध्ये उलट: पिकअप मधल्या टोकाला, बाहेर जाणारी वायर कडेच्या टोकाला. प्रिसिजनचं चित्र बघून जॅझ जोडला की एक व्हॉल्यूम शून्यावर नेताच दोन्ही पिकअप गप्प होतात. मग लोक पिकअप खराब समजून परत पाठवतात.

गुणगुण. तारांना हात लावल्यावर कमी होते? मग ग्राउंड शाबूत आहे, आवरण (शील्डिंग) कमी आहे. हात लावल्यावर वाढते किंवा काहीच फरक पडत नाही? मग ब्रिजखालची ग्राउंड वायर बघा. ब्रिज आणि जॅकची बाहेरची कडी यांमध्ये मल्टिमीटरने एक-दोन ओहमच्या आत आकडा यायला हवा. काळ्या रंगाच्या ब्रिजची खालची बाजू वायर टेकते तिथे खरवडावी लागते.

आवरणासाठी तांब्याची चिकटपट्टी, आणि गोंदातूनही वीज वाहणारी घ्या. नाहीतर प्रत्येक जोडावर सोल्डरचा ठिपका द्यावा लागतो. सगळी पोकळी आणि झाकणाची आतली बाजू मढवा, कडेवर पट्टी थोडी बाहेर आणा म्हणजे झाकण टेकेल, आणि एक वायर ग्राउंडला. स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची फॉइल नको, तिला साधं सोल्डर धरत नाही. जॅकची हॉट पट्टी तांब्याला टेकत नाही ना, हे केबल घालून तपासा. केबल गेल्यावर ती पट्टी बाहेर सरकते आणि तेव्हाच शॉर्ट होते.

> सावधान: जुन्या इमारतीत अर्थिंग नसेल तर कोणतंच आवरण गुणगुण थांबवणार नाही. आधी दुसऱ्या घरी बेस वाजवून बघा. आणि गुणगुण घालवायला अँपची अर्थ पिन काढू नका. तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात आणि तुमचा हात तारांवर असतो.

तपासणी: केबल बेसला लावा, सगळे नॉब पूर्ण उघडा, केबलच्या मोकळ्या प्लगच्या टोकावर आणि दांड्यावर मल्टिमीटर. एका प्रिसिजन पिकअपला दहा हजार ओहमच्या आसपास, दोन जॅझ पिकअपना एकत्र साडेतीन-चार हजार. शून्य म्हणजे शॉर्ट, काहीच नाही म्हणजे वायर तुटलेली. हे पॅसिव्ह बेसपुरतंच.

## टप्पा ७: पिकअप

एवढं करून आवाज पातळच वाटत असेल तर आता बदला. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांचं माप सहसा जुळतं. जॅझमध्ये ठेच लागते: नेककडचा सुमारे ९२ मिमी आणि ब्रिजकडचा ९५, पण काही स्वस्त बेसवर दोन्ही एकाच लांबीचे असतात. मोजल्याशिवाय मागवू नका. आयबानेझच्या काही मॉडेलवर पिकअपची कव्हरं वेगळ्याच आकाराची असतात, तिथे लाकूड कोरावं लागतं. मी तरी ते करायला सांगणार नाही.

जुन्याच्या वायर कापू नका, सोल्डर काढून सोडवा. नवा बसवल्यावर दोन्ही पिकअप पूर्ण उघडा. एकेकटे चांगले आणि एकत्र केल्यावर खर्ज गायब, आवाज नाकातून आल्यासारखा? दोघांची फेज उलटी आहे, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याला खोडतो. एकाच पिकअपच्या दोन वायर आपसात बदला. मात्र त्यातली एक पिकअपच्या धातूच्या पत्र्याला जोडलेली असेल तर दुसऱ्या पिकअपच्या बदला, नाहीतर तो पत्रा हॉट होऊन गुणगुण करेल.

जॅझचे दोन पिकअप दोन्ही व्हॉल्यूम सारखे असतानाच एकमेकांची गुणगुण खोडतात. एक कमी केला की थोडी येणारच, तो दोष नव्हे.

## टप्पा ८: ब्रिज, खुंट्या, स्क्रू

जड ब्रिजने आवाज लांबतो असं म्हणतात. मला फरक किरकोळ वाटतो. सॅडल जागेवरून सरकत असतील किंवा स्क्रू गंजून अडकले असतील तरच बदला. पाच स्क्रूंच्या फेंडर मापाच्या बेसवर गोतोचा २०१ सरळ बसतो, तारांमधलं अंतर १९ मिमी. इतरत्र स्क्रूंची जागा मोजून घ्या. ब्रिज बदलला की ४.४ पासून सगळं पुन्हा.

खुंट्या सैल वाटतात म्हणून बदलण्याआधी हेडच्या मागचे छोटे स्क्रू आवळा. सूर उतरण्याचं कारण बहुतेकदा वेढे कमी असणं किंवा तार नटमध्ये अडकणं हे असतं. खाचेत पेन्सिलचं शिसं घासा.

लाकडातलं भोक ढिलं झालं, स्क्रू नुसताच फिरतो? विझलेल्या उदबत्तीच्या काडीचा बांबू स्वच्छ करून, फेविकॉलमध्ये बुडवून आत सारा, कडेने कापा, रात्रभर वाळू द्या. नव्या स्क्रूच्या आट्यांना मेण चोळून हाताने आवळा.

## टप्पा ९: पावसाळा आणि सुटे भाग

कोकणात, मुंबईत, गोव्यात जून लागला की नेक हलतो, विदर्भात एप्रिलमध्ये. वर्षातून दोनदा, हवा बदलल्यावर, ४.२ चं माप घ्या आणि गरज असेल तरच की लावा. उंची आपोआप जागेवर येते का ते आधी बघा, सॅडलला लगेच हात लावू नका. पावसाळ्यात वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने खालूनही पुसा आणि बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. न पॉलिश केलेल्या फिंगरबोर्डला घरातलं खोबरेल लावू नका, मळ धरतो.

काढलेला प्रत्येक भाग, पिकअप, पॉट, ब्रिज, त्याच्याच स्क्रूंसकट झिपच्या पिशवीत, वर नाव लिहून ठेवा. बेस विकताना बदलांचे पैसे भावात मिळत नाहीत. म्हणून विकण्याआधी मूळ भाग परत बसवा, टप्पा ३ चे फोटो तेव्हा कामी येतात. चांगले पिकअप पुढच्या बेसला ठेवा.